दोघांचे भांडण आणि तिसरा

आपल्या म्हणींचा तिसऱ्या माणसावर मुळीच विश्वास नाही. 'दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ' ही म्हण आपण लहानपणीच पाठ करतो, आणि तिच्या जोडीला लोण्याच्या गोळ्यावरून भांडणारी ती दोन मांजरे आणि तराजू घेऊन बसलेले ते माकड. वाटणी करता करता माकडाने सगळे लोणी मटकावले, ही गोष्ट ऐकून वाढलेल्या माणसाला पुढे लग्नानंतर कोणी सांगितले की, "तुमचे दोघांचे पटत नाही ना, मग एखाद्या तज्ज्ञाकडे जा, फी द्या आणि त्याच्यासमोर बसा," तर त्याला ते माकडच आठवणार! त्यातून नवरा-बायकोची भांडणे म्हणजे झाकली मूठ. ती उघडायची, तीही परक्यापुढे, आणि वर पैसे मोजून!

या सदराचा मूळ धंदा शब्दांचा. शब्द कोठून आला, कसा बदलला, कोणी बिघडवला, एवढेच येथे चालते. पण दिवाळी अंकासाठी काय लिहावे याचा विचार करताना वर्षभरातली पत्रे चाळली, तेव्हा एका जातीची पत्रे वेगळी काढावी लागली. त्यांत शब्दांविषयी विचारणा होती खरी, पण ती आडवाटेने. एका बाईंनी विचारले होते, 'जोडीने समुपदेशन घेणे' हा प्रयोग मराठीत शुद्ध आहे का? आणि खाली ताजा कलम: 'आमच्या लग्नाला चोवीस वर्षे झाली. यांच्या-माझ्यात वैर नाही, पण बोलणेही नाही. अशा ठिकाणी जाऊन उपयोग होतो का?' व्याकरणाचा प्रश्न निमित्तापुरता होता, हे सांगायला नकोच.

तरी प्रथम त्या शब्दाचेच पाहू. 'कौन्सेलिंग'साठी आपण 'समुपदेशन' हा शब्द रूढ केला. शब्द भारदस्त आहे, पण त्याच्या पोटात 'उपदेश' दडलेला आहे आणि तोच मोठा घोटाळा करतो. उपदेश म्हटला की एक सांगणारा आणि एक ऐकणारा. सांगणारा शहाणा आणि ऐकणारा चुकलेला. नवऱ्याला वाटते, बायको आपल्याला तेथे नेऊन कोणाकडून तरी चार शब्द ऐकवणार. बायकोला वाटते, सासरी इतकी वर्षे ऐकले तेवढे पुरे नाही का झाले? वस्तुतः या विद्येत उपदेशाला फारशी जागा नाही, आणि निवाड्याला तर मुळीच नाही. दोघांपैकी कोण बरोबर हे तो तिसरा माणूस सांगतच नाही. पुष्कळांचा पहिला विरस होतो तो येथेच, कारण जाताना प्रत्येक जण आपल्या बाजूने निकाल लागेल या खात्रीने गेलेला असतो.

निकाल देणारा तिसरा माणूस आपल्याकडे पूर्वीपासून आहेच की! मुलीचा मामा, नवऱ्याची थोरली बहीण, चाळीतल्या कोणी अनुभवी काकू. रुसून माहेरी आलेल्या लेकीला परत पोहोचवायला हीच मंडळी जात. चहा होई, समजुतीच्या चार गोष्टी होत, आणि निकाल बहुधा आधीच ठरलेला असे: "अगं, पुरुषाचा स्वभाव. तूच जरा सांभाळून घे." जावईबापूंना फार तर, "घरच्या लक्ष्मीला असं बोलू नये हो," एवढी समज. ही माणसे वाईट नव्हती. कित्येक संसार त्यांनी त्या त्या दिवसापुरते सावरले. पण नात्यातला माणूस तराजू घेऊन बसला की पारडे हलणारच. शिवाय विश्वासाने सांगितलेली गोष्ट पुढच्या लग्नकार्यात पंगतीला ऐकू येई, ते वेगळेच. आमच्या रंगभूमीनेही याला हातभार लावला. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून सिंधूसाठी महाराष्ट्राने इतके अश्रू ढाळले की सोसणे हाच संसारावरचा उतारा, असे आपल्याला वाटू लागले.

पगारी तिसरा माणूस ही कल्पना मात्र पाश्चात्यांची, आणि तिचाही जन्म काही फार शुभ नक्षत्रावर झालेला नाही. १९३० साली लॉस एंजेलिसला पॉल पोपेनो या गृहस्थाने विवाहविषयक सल्ला देणारी एक संस्था काढली. हा मनुष्य मानसशास्त्रज्ञ नव्हे. त्याने आधी खजुराच्या लागवडीवर पुस्तक लिहिले होते, आणि पुढे माणसांतही उत्तम वाण आणि हलके वाण ठरवू पाहणाऱ्या 'सुप्रजनन' चळवळीत तो शिरला. चांगल्या वाणाची लग्ने मोडू नयेत, ही त्याची तळमळ! १९५३ साली 'लेडीज होम जर्नल' या मासिकात त्याच्या संस्थेतल्या हकीकतींवर एक सदर सुरू झाले. हे लग्न वाचेल का, असा त्याचा मथळा. आधी बायकोची बाजू, मग नवऱ्याची, शेवटी सल्लागाराची. सदर तुफान लोकप्रिय झाले आणि कित्येक दशके चालले. सुरुवातीच्या काळात त्यातला सल्ला मात्र आपल्या मामांच्याच वळणाचा असे: बाईने जरा नीटनेटके राहावे, कुरकुर कमी करावी.

योगायोग असा की, त्याच १९५३ साली आपल्याकडे र. धों. कर्वे वारले आणि १९२७ पासून त्यांनी चालवलेले 'समाजस्वास्थ्य' बंद पडले. कर्व्यांकडेही वाचकांचे प्रश्न येत. त्यांच्या उत्तरांपायी १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला, आणि त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लग्नात बाईलाही सुखाचा हक्क आहे, हे कर्वे गृहीत धरून चालत. पोपेनोपेक्षा हा माणूस पुष्कळ पुढे होता. पण असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

या विद्येला खरा आकार आला तो सल्ला देण्याआधी नवरा-बायको भांडतात कसे, हे कोणीतरी नीट पाहायचे ठरवले तेव्हा. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९८६ पासून जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवले, अंगाला नाडीचे ठोके मोजणारी यंत्रे लावली, आणि त्यांच्या नेहमीच्या वादाच्या विषयावर बोलायला सांगितले. काही वर्षांनी तीच जोडपी पुन्हा बोलावून पाहिले. गंमत अशी निघाली की, विषय बहुतेकांचे तेच! गॉटमन यांच्या हिशेबाने जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के वाद कधी सुटतच नाहीत, आणि यात सुखी म्हणवणारी जोडपीही आली. एकाला घराची शिस्त प्रिय, दुसरीला माणसांची वर्दळ. एकाचा हात सैल, दुसरीचा आखडता. हे वाद लग्नाबरोबरच घरात येतात आणि घरातच राहतात. फरक पडतो तो वाद कसा चालतो यात. सर्वांत घातक त्यांना आढळली ती तुच्छता. राग परवडला, पण ओठ मुडपून म्हटलेले "तुला काय कळतंय त्यातलं!" परवडत नाही.

दुसरी गोष्ट गप्प बसणाऱ्यांविषयी. आपल्याकडे असा नवरा 'घुमा' म्हणून ओळखला जातो आणि बायको म्हणते, "यांना काही लागतच नाही. दगड आहेत." यंत्रे निराळेच सांगत होती. गप्प बसलेल्या त्या माणसाची नाडी कित्येकदा मिनिटाला शंभराच्या वर गेलेली असे. तो थंड नव्हता. उलट इतका पेटला होता की ऐकू येणेच बंद झाले होते. तेव्हा संशोधकांनी एक युक्ती केली. यंत्र दुरुस्त करायचे आहे असे सांगून भांडण मध्येच थांबवले आणि जोडप्यांना अर्धा तास मासिके वाचत बसवले. पुन्हा बोलणे सुरू केले तेव्हा नाड्या उतरल्या होत्या आणि तीच माणसे बरीच समजूतदार झाली होती. आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांना एवढा मोठा दाखला दुसरा कोणी दिल्याचे आठवत नाही!

कॅनडात स्यू जॉन्सन यांनी त्याच सुमारास जी पद्धत बसवली, तिचा रोखही येथेच आहे. एक जण टोचत राहतो, दुसरा आत आत शिरतो. टोचणे वाढले की शिरणे वाढते, शिरणे वाढले की टोचणे वाढते. दोघांच्याही मुळाशी एकच भीती असते, की आपण या माणसाला आता नकोसे झालो आहोत.

मराठी भांडणात आणखी एक गोष्ट आहे, जी सिएटलच्या यंत्रांना दिसली नसती. आपल्याकडे पुष्कळ घरांत अजून बायको नवऱ्याला 'तुम्ही' म्हणते आणि नवरा तिला 'तू'. 'तुम्ही' हे आदराचे एकवचन, तसेच ते साधे अनेकवचनही. "तुम्ही मला कधी विचारलंत?" असे ती एकट्या नवऱ्याला उद्देशून म्हणते. त्याला त्यात आपली आई, बहीण, थोरला भाऊ, सगळे कुळ ऐकू येते, आणि तो कुळाचा बचाव मांडू लागतो. तिला हवा असतो एक माणूस. समोर उभे राहते घराणे. नव्या जोडप्यांत दोन्हीकडून 'तू' आल्याने हा घोटाळा कमी झाला आहे, पण 'तुझ्या घरचे' शाबूत आहेत. तशीच 'नेहमी', 'कधीच', 'दर वेळी' ही मंडळी. व्याकरणात ती क्रियाविशेषणे, भांडणात शस्त्रे. "आज उशीर झाला" याला उत्तर देता येते. "नेहमीच उशीर!" याचे उत्तर म्हणजे लवकर आल्याची एखादी जुनी तारीख शोधून काढणे, आणि ती सापडली की मूळ गोष्ट राहते बाजूला आणि पंचांग सुरू होते.

तेव्हा त्या खोलीत प्रत्यक्ष घडते काय? माझ्या परिचयाच्या एका जोडप्याने ही वाट धरली, त्यांची हकीकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटू नये इतपत बदलून सांगते. डोंबिवलीतला सव्वीस वर्षांचा संसार. ते विमा कंपनीत, त्या शाळेत शिक्षिका. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि इतकी वर्षे तिच्या मार्फत बोलणारी ही दोन माणसे एकाएकी दुभाष्यावाचून उरली. भांडण कशावरून म्हणाल, तर पावत्यांवरून! या गृहस्थांना प्रत्येक पावती जपून ठेवायची सवय. विजेची बिले, मिक्सरचे हमीपत्र, २००२ साली घेतलेल्या पंख्याची पावतीसुद्धा फाइलीत. बाईंच्या हातून एखादी गहाळ झाली की यांचा आवाज चढे, आणि त्या म्हणत, "एक दिवस या सगळ्या फायली बंबात घालणार आहे." याच वाक्यांवर वीस-एक वर्षे गेली.

समुपदेशक एक मध्यमवयीन बाई होत्या. पहिल्या भेटीत त्यांनी दोघांना एकत्र बसवून लग्न कसे ठरले ते विचारले. गृहस्थ वैतागले. "आम्ही भांडण सांगायला आलो, आणि या कांदेपोह्यांचं काय विचारताहेत!" पुढे प्रत्येकाला एकेकटे भेटणे झाले. मग बाईंनी दोघांपुढे त्यांच्या भांडणाचा जणू नकाशाच मांडला: सुरुवात कोठून होते, कोणत्या वळणावर कोण गप्प होते, कोणत्या वळणावर माहेर येते. कोणाचे चुकले याचा त्यात उच्चार नव्हता.

सातव्या की आठव्या भेटीत बाई बोलून गेल्या, "यांच्या फाइलीत पंख्याची पावती आहे. माझ्या पाटल्या मोडल्या त्याची नाही."

फ्लॅटचा पहिला हप्ता भरायला कमी पडले, तेव्हा त्यांनी आईच्या हातच्या पाटल्या काढून दिल्या होत्या. गृहस्थ चकित झाले. "पण तू आपणहून दिल्यास! मी मागितल्या नव्हत्या."

"दिल्या. आनंदानं दिल्या. त्यानंतर तेवीस वर्षांत तुम्ही एकदा तरी नाव काढलंत का त्यांचं?"

"उद्याच्या उद्या करून आणतो."

येथे समुपदेशक बाईंनी हात वर केला. "थांबा. पाटल्या कोणी मागितल्या नाहीत. त्या आता काय म्हणाल्या, ते तुमच्या शब्दांत मला सांगा." गृहस्थांनी दोनदा सांगितले आणि दोन्ही वेळा ते सोन्याच्या भावावर गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "मी सगळ्याचा हिशेब ठेवतो आणि हिचा ठेवला नाही, असं ती म्हणते आहे." आणि मग बराच वेळ कोणीच बोलले नाही.

त्यांचीही एक पावती निघाली, ती पुढच्या भेटीत. त्यांच्या लहानपणी गिरगावातली भाड्याची खोली गेली होती. वडील भाडे वेळेवर देत, पण पावती मागण्याचा त्यांना संकोच वाटे. तंटा झाला तेव्हा हातात कागद नव्हता. खोली गेल्याचे बाईंना माहीत होते. ती पावतीपायी गेली हे सव्वीस वर्षांत त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी मला हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, हे माझ्यावर पहारा ठेवतात." पाटल्या अजून झालेल्या नाहीत. पावत्यांवरून अजूनही कटकट होते. पण फाइल पेटवण्याची भाषा संपली आहे आणि एखादा कागद हरवला की बाई स्वतः शोधायला बसतात.

प्रत्येकाचे असे होते का? नाही. अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन यांनी लॉस एंजेलिस आणि सिएटल येथे १३४ जोडप्यांवर एक मोठी चाचणी घेतली. त्यांनी मुद्दाम जुनाट आणि गंभीर बेबनावाची जोडपी निवडली, आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त २६ भेटी दिल्या. पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. सुमारे निम्म्या जोडप्यांत ठळक सुधारणा टिकून होती. चौथ्या हिश्श्याहून थोडी अधिक जोडपी विभक्त झाली होती. ही अमेरिकेतली जोडपी, तेव्हा आकडे जसेच्या तसे डोंबिवलीला लावता येणार नाहीत. तरी मला ते प्रामाणिक वाटतात. वीस वर्षांच्या दुखण्याला निम्मा उतार पडणे थोडे नाही. आणि जी वेगळी झाली, त्यांच्यापैकी कोणी एकमेकांची उणी न काढता वेगळे झाले असेल, तर तेही मी वाया गेले म्हणणार नाही. काही लग्ने संपतात. ती कोणत्या भाषेत संपतात याला मुलांच्या दृष्टीने फार महत्त्व आहे.

आपल्याकडे हा तिसरा माणूस पुष्कळांना प्रथम भेटतो तो न्यायालयात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटाची सोय १९७६ साली झाली. कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४ चा, आणि पुण्यामुंबईला ही न्यायालये १९८९ साली सुरू झाली. तेथे विवाह समुपदेशक असतात आणि त्यांतले कित्येक जीव ओतून काम करतात. पण तोवर दोन्हीकडे वकील उभे राहिलेले असतात आणि प्रत्येक वाक्य पुरावा म्हणून तोलले जाते. इतक्या उशिरा मोकळे बोलायचे तरी कसे? घसा बसला की आपण वैद्याकडे जातो. बोलणे बसले की मात्र दहा-पंधरा वर्षे वाट पाहतो.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. जेथे मारहाण आहे, धमकी आहे, नवऱ्याच्या पावलांची चाहूल लागताच बाईच्या पोटात गोळा येतो, तेथे जोडीने बसण्याचा सल्ला मी कधीही देणार नाही. खोलीत बाई जे खरे बोलेल त्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागते. एकेकट्याने भेटण्याचा प्रघात आहे तो याचसाठी, आणि जाणता समुपदेशक अशा वेळी जोडीच्या भेटी थांबवतो. तेथे आधी सुरक्षितता, २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, आणि १८१ हा महिलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक. तसेच 'समुपदेशक' अशी पाटी लावणाऱ्याला शिक्षण काय, जोडप्यांसोबत काम किती केले, हे विचारायला संकोचू नये. विचारल्यावर जो रागावेल त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. आणि पहिल्याच भेटीत जो कोणाचे चुकले ते सांगून टाकेल, तो आपल्या मामाहून काही वेगळा नाही. मामा निदान फी तरी घेत नाही.

आता त्या पत्रलेखिकाबाईंना उत्तर. प्रयोग शुद्ध आहे. 'उपयोग होतो का' याचे वर लिहिले आहेच. त्यांची खरी अडचण, जी त्यांच्यासारख्या बहुतेकींनी लिहिली आहे, ती अशी की, यजमानांना सांगायचे कसे? भांडणाच्या भरात सांगू नये, कारण तेव्हा त्याचा अर्थ 'तुम्हाला डॉक्टरची गरज आहे' असाच होतो. बरी वेळ पाहून, शक्य तर 'नेहमी' आणि 'कधीच' यांना बाहेर ठेवून म्हणावे: "मला तुमच्याशी नीट बोलता येत नाहीसं झालंय. बोलायला मदत हवी आहे. याल का माझ्याबरोबर?" ते आले नाहीत तर एकटीने जाऊन सुरुवात करायलाही हरकत नाही, नाचातल्या एकाने पाऊल बदलले की दुसऱ्याला ठेका बदलावाच लागतो.

बहुधा उत्तर येईल, "बघू." आपल्या घरांत 'बघू' म्हणजे 'नाही' असे समजून गप्प बसण्याची रीत आहे. डोंबिवलीच्या बाईंनाही हेच उत्तर मिळाले होते. त्यांनी "कधी बघू या?" असे विचारून भिंतीवरचे कॅलेंडर काढून टेबलावर ठेवले आणि सोबत पेन्सिलही दिली.